वखारीचं लाकूड

८ ऑक्टोबर

वखार अखेर पाडली. दिवसभर धुरळा. सागवानी तुळया, माळ्याच्या फळ्या, दोन मोठी दारं, सगळं अंगणात येऊन पडलंय. हे म्हणाले, संकेश्वरचा एक जण जुनं लाकूड घेतो, त्याला देऊन टाकू. मी म्हटलं, "एक फळीबी हलवायची न्हाय." माझा असा आवाज ह्यांनी कधी ऐकला नसावा. चहा संपवून ओसरीवर गेले.

तंबाखूचा धंदा बंद करून किती वर्षं झाली. वखारीत नुसते उंदीर आणि खताची पोती. पण बेळगुंदीहून लग्न होऊन ह्या निपाणीच्या टोकाला आले तेव्हा हिनेच मला गिळलं होतं. सकाळी देवाचं आटपलं की बायकांच्या ओळीत बसून पानं निवडायची. आता तिची हाडं माझ्या कामाला येणार. मळ्यात शहरातून पैसे देऊन राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी छोटं लाकडी घर. नकाशा माझा, किल्ली माझ्या कनवटीला. बरी जिरली वखारीची.

आत्ती कट्ट्यावर बसून लाकूड उतरताना बघत होत्या. सासू असून एक शब्द नाही. एरवी भाजीत मीठ कुणी घातलं इथवर चौकशी असते.

१२ ऑक्टोबर

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. मुलाने, सम्मेदने, बेंगळूरहून फोटो पाठवलेत, परदेशातल्या घरांचे. छपराला काच, भिंती पांढऱ्या, मध्ये एक कुत्रं. त्याला कळवलं, बाबा, तुझी काच राहू दे, इथे वानरं येतात.

माझं असं: दार पूर्वेला. पश्चिमेला उसाच्या फडाकडे बुटकी, रुंद खिडकी. खिडकीतच बसायला फळी, फळीखाली बॅगा सारायला कप्पा. वर कौलं, कौलांखाली माळ्याच्या फळ्यांचं अस्तर. पलंग नुसता ठेवायचा नाही, भिंतीत बसवायचा. तिन्ही बाजूंनी फळ्या, वरूनही फळ्या, समोर पडदा. आत शिरलं की माणूस मुठीत धरल्यासारखा. न्हाणी मागे, दगडी, उघड्यावर. तांब्याचा बंब आहेच.

ह्यांनी नकाशा उलटा धरून बघितला. "एवढ्याशात माणसं राहत्यात व्हय?" म्हटलं, राहतात आणि वर फोटोही काढतात.

"शिमग्यापतोर बघू. माणसं आली तर आली. न्हाय तर खताची पोती ठिवायला बरं पडंल."

हसत म्हणाले. रागाने म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं.

२० ऑक्टोबर

इराप्पा सुताराने काम धरलं. रंधा मारला की आतून लाकूड गुळासारखं निघतं. तो म्हणे, "आक्का, असलं लाकूड आता डोळ्यांनी दिसत न्हाय बघा." मी त्याला अडवलं. सगळं तासू नको. वरचा काळा थर राहू दे, खिळ्यांची भोकं राहू देत. शहरातल्या लोकांना जुनं जुनंच दिसायला हवं असतं, नवीन त्यांच्याकडे आहे. निम्म्या फळ्या तशाच काळ्या बसवल्या. पलंगाभोवती तर सगळ्याच काळ्या. फार शोभतात.

दुपारी आत्ती काठी टेकत आल्या. पलंगाच्या फळीवर तळवा घासला. बोटं एकमेकांना चिकटवून बघितली. आणि हसल्या.

"काय झालं हो?"

"काय न्हाय. बांध, बांध."

म्हातारपण. दुसरं काय.

३ नोव्हेंबर

सम्मेदचा फोन. सुनेला, अमृताला, दिवस गेलेत. लग्नाला वर्ष व्हायचंय अजून. ह्यांनी मंदिरात जाऊन नारळ ठेवला, मी साखर वाटली. आनंद झाला. खरंच झाला, आणि त्याच्या पाठोपाठ मनात आलं की पाहुण्यांच्या भाकऱ्यांना हिची मदत होईल असं धरलं होतं, ते गेलं. असं मनात येऊ नये म्हणतात. येतं.

अमृता बेळगावची. बाप बँकेत. बोलते हळू, जेवते हळू, ताट उचलायच्या आधी हाताला ते जंतू मारायचं औषध चोळते. माझं आणि तिचं भांडण एकदाही झालेलं नाही. भांडायला तिच्यात पकडच सापडत नाही.

डिसेंबरात इकडे येणार आहे. घरी बसून काम चालतं म्हणे तिचं. डॉक्टरांनी जिने चढू नको सांगितलंय. आमची माडीची शिडी म्हणजे बकरीलाही घाम फुटेल.

१७ नोव्हेंबर

झालं. जवसाच्या तेलाचा शेवटचा हात दिला. पलंगावर वाकळ, खिडकीत दोन उश्या, कोनाड्यात कंदील, आत बल्ब. पायपुसणं सुतळीचं, मीच विणलंय.

इराप्पा गेल्यावर दार लावून घेतलं आणि पलंगात जाऊन आडवी झाले. पडदा ओढला. कुणाची हाक नाही, कुकरची शिट्टी नाही, आत्तींचं खाकरणं नाही. रडू आलं. ह्या घरात आल्यापासून चारी बाजूंनी माझं असं पहिल्यांदाच काही. मनात मांडे खात पडून राहिले: फलक कुठे लावायचा, नाव काय द्यायचं. घरातून दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठले. एवढ्या लांबून आला. नाक तिखट आहे माझं.

२३ नोव्हेंबर

पहिले पाहुणे. बेंगळूरचं जोडपं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, आमच्यात तसंच असतं, हे सांगितल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण जेवली. पिठलं, भाकरी, वांगं, वर तूप. बाई खोली बघून लहान मुलीसारखी झाली. पलंगात बसून तिचे किती फोटो काढले त्या नवऱ्याने.

२४ नोव्हेंबर

सकाळी चहा घेऊन गेले तर नवरा गाडीत झोपलेला. बाईचे डोळे लाल, नाक लाल, शिंकांवर शिंका. म्हणाली धुळीची ॲलर्जी असेल. मी म्हटलं उसाला तुरा आलाय, त्याचं असेल. बाई बिचारी सभ्य होती, मान हलवली. दहाच्या आत गेली.

संध्याकाळी सम्मेदने त्यांनी नेटवर लिहिलेलं फोनवरून वाचून दाखवलं. घर सुंदर, जेवण उत्तम, झोपायला मात्र तंबाखूच्या पोत्यात घातल्यासारखं.

एकेक फळी हुंगून आले. गुडघ्यांवर बसून पलंगाखालची सुद्धा. तेल आणि लाकूड, बस्स. ह्यांना नेलं. ह्यांनी दोनदा श्वास ओढला. "लाकडाचा वास येतोय की. आनि काय येनार?" इराप्पाला बोलावलं, तोही तेच. म्हणजे त्या नवऱ्याच्याच खिशात पुडी असणार. बायकोपासून लपवत असणार. सम्मेदला सांगितलं, तसं लिही. त्याने लिहिलं नाही. भित्रा.

३० नोव्हेंबर

मुंबईची आई आणि कॉलेजातली मुलगी. दुपारी दोन घटका पडते म्हणून मुलगी आत गेली ती तोंडावर रुमाल धरून बाहेर आली आणि तुळशीपाशीच ओकली. आई मला म्हणते, "इथे कीटकनाशक ठेवता का?" मी म्हटलं, बाई, आम्ही जैन, मुंगी बघून पाऊल टाकणारे, विष कुठलं ठेवतो. ऐकलं नाही. ऊन उतरायच्या आत गेल्या. जेवण तसंच राहिलं. मीही जेवले नाही.

हे ओसरीवर बसून म्हणाले, "खताची पोती कवा हलवायची?"

मी आतून कढई आपटली.

२ डिसेंबर

सोड्याने धुतलं. कडुनिंबाचा धूर केला. चुना भुरभुरला, ऊद जाळला. खिडकी दिवसभर सताड. आता नाकाला येतो तो उदाचा. आधी काही येत नव्हतं तिथे आता निदान उदाचा तरी येतो.

पाहुण्यांचं मला एक कळतं. त्यांना गाव हवं असतं ते फोटोतलं. गावाला वास असतो म्हटलं की यांची आतडी उलटतात.

७ डिसेंबर

सम्मेद आणि अमृता आली. माडी चढायची नाही, खाली एक खोली आत्तींची, एक आमची. मग राहिलं काय? मीच म्हटलं, मळ्यातलं घर दे तिला, राणीसारखी राहील. हे लगेच म्हणाले, "बरं हाय. सूनबाई राहती का बघू. ती राहिली तर पाव्हनीबी राहतील. न्हाय तर पोती."

थट्टा केली असेल. पण बोलून बसले ते बसले, चौघांच्या देखत.

अमृता खोली बघून म्हणाली, "आई, किती छान केलंत तुम्ही." पलंगाच्या फळीवरून हात फिरवला. तेवढ्यासाठी मला ती आवडली. आणि म्हटलं, हिने पंधरा दिवस काढले तर माझं घर उभं राहील. बेळगावचं पोर आहे, मुंबईचं नाही. नाक आपलंच आहे.

८ डिसेंबर

सकाळी अमृता शिंकत आली. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, रात्रभर हेच. मी सुंठेचा चहा पुढे केला.

"सवय हुईल," म्हटलं.

कट्ट्यावरून आत्ती जोरात हसल्या. इतक्या, की ठसका लागला, सम्मेदने पाणी दिलं. कशाला हसल्या ते सांगेनात. नुसतं माझ्याकडे बोट.

१० डिसेंबर

सम्मेद परत गेला, त्याची रजा संपली. अमृताच्या पोटात काही ठरत नाही. ह्या दिवसांत ठरत नाहीच, आम्हाला कुठे ठरत होतं. पण तिचं म्हणणं वेगळं. अंगणात खुर्ची टाकून बसली की बरं वाटतं, आत गेलं की डोकं धरतं. मला म्हणाली, "आई, इथे तंबाखू ठेवलेली का कधी? मला फार वास येतोय."

ह्यांच्या समोर म्हणाली. हे माझ्याकडे बघून मिशीत हसले.

मी आत येऊन भाकरी थापता थापता म्हटलं, "नाटकं सगळी." परातीला म्हटलं. ती मागे पाण्याला आलेली. तिने ऐकलं. तांब्या भरला आणि गेली. उलट बोलली असती तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर

आज आत्तींनी बोलावून घेतलं. पाय चेपायला. अमृता समोर अंगणात बसून कामाचं फोनवर बोलत होती, मधेच शिंकत होती.

आत्ती म्हणाल्या, "कशी शिंकती बघ. डिट्टो तू."

मला कळेना.

"पयल्या वरसाला तू अशीच. वखारीत पाय टाकला की सुरू. तोंडाला पदर बांधलास, फडकं बांधलंस. बायका हसायच्या. मी म्हनलेली, नाटकं हाईत बेळगुंदीची. सवय हुईल."

चेपता चेपता हात थांबले माझे.

आठवत होतं की सगळं. शिंका आठवत होत्या. बायकांचं हसणं, रात्री उशीवर पाणी गळायचं ते. पहिलं पोट त्याच वर्षी पडलं तेही. वखारीने पडलं की कशाने, कुणी विचारलं नाही. चवथ्या दिवशी परत ओळीत बसवलं होतं. हे सगळं मी रोज उठून आठवते, आत्तींच्या ताटात वाढताना आठवते. फक्त तो वास कसा होता, ते आठवत नाही. कधी यायचा बंद झाला तेही नाही.

म्हटलं, "तुम्हाला येतो वास?"

"मला कुठला? माझा जलमच ह्या पट्ट्यात गेला. पर हाताला कळतंय की. त्या काळ्या फळीचा चिकटा हाताला लागला तवाच वळकलं मी."

"मग सांगितलं का न्हाय?"

आत्तींनी पाय पुढे सरकवला, दुसरा.

"म्हटलं बघू, हिच्या ध्यानात हाय का. तू तर लई लौकर इसरलीस."

मी दुसरा पायही चेपला. पूर्ण चेपला. का, ते माहीत नाही. ह्या बाईचा मला इतका राग आहे की तो लिहायला ही वही पुरणार नाही, आणि तरी टाचेपर्यंत चेपला.

१२ डिसेंबर

दिवसभर एकच. अमृताला तिथून काढायला हवी. आमची खोली द्यायची, आम्ही ओसरीवर पडू. सोपं आहे. पण ह्यांना काय सांगू? वास येतो म्हणून? मग संपलं. उद्या खताची पोती आत आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात, जन्मभर थट्टेला विषय. फळ्या बदलायच्या म्हटलं तर सगळं घर त्याच फळ्यांचं. पलंग काढला तर उरतं काय.

आणि दुसरं लिहितेच, इथे कोण वाचतंय. मी काढलं ते वर्ष. मला कुणी खोली दिली नव्हती. हे मनात आलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि त्याने बरंही वाटलं. बरं वाटल्यावर लाज वाटली. लाज वाटूनसुद्धा उठले नाही.

अमृताने विचारलं, "आई, मी थोडे दिवस माहेरी जाऊ का बेळगावला?"

म्हटलं, संक्रांत होऊ दे. तिची आई कारण विचारणार, ती सांगणार. बेळगावभर होणार.

ती "बरं" म्हणाली. मीही त्या वर्षी "बरं"च म्हणाले होते. बेळगुंदीचा रस्ता तेव्हा मला पाठ होता, कुठे वड, कुठे पूल.

१४ डिसेंबर

सकाळी अमृता न्हाणीपाशी बसून होती, भिंतीला डोकं टेकून. चेहरा पिठासारखा. तोंडाला ओढणी बांधलेली, गाठ मारून.

माझी असायची तशीच गाठ. कानाच्या वर, डाव्या बाजूला.

मी बंबात लाकडं सारली आणि आत आले. आमच्या पलंगावरची चादर काढली, झटकली, धुतलेली घातली. उशाला पाण्याचा तांब्या ठेवला. ह्यांनी विचारलं, "कोन येनाराय?" म्हटलं, "कुनी न्हाय." मग चादरीवर बसून राहिले.

१५ डिसेंबर

आज विचारलंच तिने. मी चहा घेऊन गेले होते. दार उघडं, ती खिडकीतल्या फळीवर, माझ्या हातच्या उशीला टेकून. ओढणी खाली घेतली आणि म्हणाली,

"आई, खरं सांगा. तुम्हाला वास येत नाही?"

"न्हाय," म्हटलं.

खरंच येत नाही. देवाशपथ येत नाही. त्या क्षणी नाक फळीला लावलं असतं तरी आला नसता. पण तिने ते विचारलं नव्हतं, आणि ते मला कळत होतं.

पुढचं तोंडाशी आलेलं. की ऊठ, आमच्या खोलीत चल, चादर घातलीय. की मलाही यायचा. एवढे दोन शब्द. बाहेर हे इराप्पाशी बोलत होते, पोत्यांचंच काहीतरी. मी थांबले, त्यांचं बोलणं संपू दे म्हणून.

अमृता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. सवय होईल मला." अगदी शांतपणे म्हणाली. ओढणी वर घेतली, कप घेतला आणि दार पुढे लोटलं. कडी लावली नाही.

घरात थांबले नाही मी. वही घेऊन अंगणाच्या कडेला कट्ट्याशी आले, इथून मळ्यातलं ऐकू येतं. म्हटलं, तिने हाक मारली की जायचं, लगेच जायचं, कोण ऐकतंय ते बघायचं नाही. आता इथूनच लिहितेय. किल्ली कनवटीला टोचते आहे. तिच्या खोलीतून शिंका ऐकू येतात, मधे थांबतात, पुन्हा येतात. जेवायची वेळ झाली, सूर्य फडावर आलाय, अजून हाक नाही.

मी आले तेव्हा आत्तींनी काठी उचलून पलीकडे ठेवली आणि सरकून मला जागा करून दिली.